तार, पडदे आणि वादकाचा हात

इलेक्ट्रिक गिटार म्हटली की सामान्य श्रोत्याच्या मनात प्रथम येतो तो तिचा दणदणाट. मंडपातल्या कर्ण्यांतून घुमणारा, खिडक्यांची तावदाने थरथरविणारा तो आवाज ऐकून पुष्कळांची अशी समजूत होते की, या वाद्यात वीज आणण्याचा हेतू आवाज वाढविणे एवढाच होता. हेतू तोच होता, हे खरे. परंतु ज्या हेतूने एखादी गोष्ट केली जाते, त्याहून निराळेच फळ तिला अनेकदा येते. गिटारला वीज मिळाली ती कानासाठी. तिचा मोठा लाभ झाला तो हाताला. गिटारवादकाच्या बोटांना पुढे जी गती आली, तिच्यामागे जितका रियाज आहे, तितकीच सुतार, लोहार आणि रेडिओ दुरुस्त करणारे यांची कारागिरीही आहे.

ज्याने सतार जवळून पाहिली आहे त्याला गिटारची रचना समजावयास अडचण पडणार नाही. लांब दांडी, दांडीवर धातूचे आडवे पडदे, भोपळ्याच्या जागी लाकडी पेटी, तिच्यावर तारा उचलून धरणारी घोडी, आणि दुसऱ्या टोकास खुंट्यांपाशी तारांना खाचांत धरून ठेवणारी हाडाची बारीक पट्टी. या पट्टीला गिटारवादक नट म्हणतात. भेद आहे तो पडद्यांत. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, हवे तसे सरकविता येणारे असतात. गिटारचे पडदे लाकडात ठोकून कायमचे बसविलेले असतात. त्यामुळे कारखान्यात जे चुकले ते वादकाला रोज बोटांनी सोसावे लागते.

साध्या गिटारमध्ये आवाज घडविण्याचे काम पेटीवरची पातळ फळी करते. ती फळी हलवावयाची तर तारेत जोर हवा; जोर हवा तर तार जाड हवी, तिचा ताण मोठा हवा आणि ती पडद्यांपासून बरीच उंच हवी. म्हणजे जितका आवाज मोठा, तितके बोटांचे कष्ट अधिक, असा हा व्यवहार होता. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेतील नृत्यगृहांतून मोठे वाद्यवृंद वाजू लागले. ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ढोल यांच्या गर्दीत गिटारवादक मागच्या रांगेत बसून ताल धरी. एकट्याने एखादी चलाख स्वरावली वाजविण्याची संधी त्याला क्वचितच मिळे, आणि मिळालीच तरी ती ऐकू जाण्याचा संभव थोडा. जाड तारा लावून व घोडी उंच करून तो आवाजासाठी झगडत असे, आणि त्या झगड्यात त्याची बोटे जड होत.

यावर उपाय शोधला तो जॉर्ज बोशां या वादकाने. १९३१ साली कॅलिफोर्नियात त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी जो नमुना तयार केला, त्याचे तत्त्व शाळेच्या प्रयोगशाळेतलेच होते. लोहचुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेढे दिले आणि त्यांच्यावर पोलादी तार कंप पावू लागली, की वेढ्यांत वीज उत्पन्न होते. ती वाढवून कर्ण्याला दिली की झाले. या साधनाला पिकअप म्हणतात. १९३२ पासून रिकेनबॅकरच्या नावाशी जोडलेली ही गिटार विक्रीस आली. तिचे अंग ओतीव अॅल्युमिनियमचे, गोल आणि लांब दांडीचे. म्हणून लोकांनी तिचे नाव ‘तळणीचा तवा’ असे ठेवले. गंमत अशी की, या पहिल्या विजेच्या गिटारला बोटांच्या सुखाशी काहीच कर्तव्य नव्हते. ती मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांब सरकवीत, हवाई बेटांच्या पद्धतीने वाजवावयाची होती. तारा दांडीपासून चांगल्या उंच असाव्यात, हेच तिच्यात योग्य होते. हवाईयन गिटारची ही पद्धत आपल्या देशातही रुजली, आणि ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर रागसंगीत वाजवून तिला मैफलीत आणले. पण ती शाखा वेगळी. पडद्यावर बोट दाबून वाजविणाऱ्यांची कथा पुढे निराळ्या वळणाने गेली.

१९३६ साली गिब्सन कंपनीने पिकअप बसविलेली ईएस-१५० ही गिटार काढली. चार्ली ख्रिश्चन हा तरुण तीच घेऊन १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात आला, आणि सॅक्सोफोनवाला जशी एकेका स्वराची लांबलचक माळ गुंफतो तशी ती गिटारवर गुंफू लागला. १९४२ मध्ये अवघ्या पंचविसाव्या वर्षी तो क्षयाने गेला. परंतु गिटारवादकाची जागा मागच्या रांगेत नाही, हे तेवढ्यात ठरून गेले होते.

आता फळी हलविण्याचे ओझे तारेवर राहिले नव्हते. मग तार उंच कशाला हवी आणि जाड तरी कशाला? हा प्रश्न इतका उघड असूनही त्याचे पुरते उत्तर मिळावयास पंचवीस वर्षे लागली. सवय ही कारागिरालाही सुटत नाही.

तार खाली आणावयाची तर प्रथम दांडी ताब्यात हवी. गिटारच्या सहा तारांचा मिळून ताण जाडीप्रमाणे चाळीस-पन्नास किलोग्रॅमच्या घरात जातो. एवढा भार अहोरात्र ओढीत असताना लाकूड पुढे वाकणारच. पूर्वी यावर उपाय एकच, दांडी जाड करणे. आणि जाड दांडीभोवती आखूड बोटांच्या माणसाची मूठ नीट बसत नसे. गिब्सनच्या कारखान्यातील थॅडियस मॅकह्यू याने दांडीच्या पोटात पोलादी सळई घालून ती स्क्रूने ताणण्याची युक्ती काढली. तिचे पेटंट १९२३ साली मिळाले. ट्रस रॉड या नावाने ओळखली जाणारी ही सळई विजेच्या पूर्वीची आहे, पण तिचे खरे मोल विजेनंतरच कळले. तिच्यामुळे दांडी बारीक करता आली आणि तिचा बाक मागाहूनही कमीजास्त करता येऊ लागला.

या बाकाविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण नवशिक्याची दिशाभूल होते ती येथेच. दांडी पट्टीसारखी सरळ असली म्हणजे उत्तम, असे पुष्कळांना वाटते. पण छेडलेली तार मध्यभागी सर्वांत रुंद झोका घेते. दांडी अगदी सरळ आणि तार अगदी खाली असेल तर तो झोका पुढच्या पडद्यांवर आपटतो आणि खरखर उमटते. म्हणून दांडीला किंचित अंतर्वक्र बाक ठेवावा लागतो. तो पाहण्याची रीत सोपी आहे. जाड तार पहिल्या व शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबून धरावी आणि आठव्या पडद्यापाशी तार व पडदा यांच्यात किती फट राहते ते पाहावे. पाव मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे एखाद्या भेटपत्रिकेच्या जाडीएवढी फट असली की झाले. फट अधिक असेल तर सळई ताणावी. अजिबात नसेल तर सैल सोडावी. आणि एका वेळी स्क्रूला पाव फेऱ्याहून अधिक पीळ देऊ नये. येथे सतारीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. मिरजेचा कारागीर जवारी काढताना घोडीचा माथा घासून घासून जी झणत्कारयुक्त खरखर मुद्दाम आणतो, तीच खरखर घालविण्यासाठी गिटारचा कारागीर जन्मभर झटतो.

पुढचे मोठे पाऊल टाकले ते लिओ फेंडर याने. हा कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवी. स्वतः गिटार वाजवीत नसे. कदाचित म्हणूनच त्याने वाद्याकडे एखाद्या यंत्राकडे पाहावे तसे पाहिले. पेटीच नको, भरीव लाकडाचा ठोकळा पुरे. दांडी सरसाने चिकटवावयाची नाही, स्क्रूने जोडावयाची, म्हणजे बिघडली तर काढून दुसरी लावता येईल. १९५० साली त्याने अशी गिटार बाजारात आणली आणि पुढच्या वर्षी तिला टेलिकास्टर हे नाव मिळाले. पहिल्या काही दांड्यांत त्याने सळई घातली नव्हती. लाकूड कठीण आहे, वाकणार नाही, असा त्याचा भरवसा होता. तो टिकला नाही आणि सळई लवकरच घालावी लागली.

टेलिकास्टर वाजविणाऱ्यांची तक्रार होती ती तिच्या कडांची. चौकोनी कडा बरगडीत आणि कोपराखाली रुतत. फेंडरने ती तक्रार मनावर घेतली. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये पाठीमागे बरगड्यांच्या बाजूला आणि पुढे कोपर टेकतो तेथे लाकूड उतरते घासले, आणि दांडीच्या दोन्ही अंगांना खोल खाचा पाडल्या, म्हणजे हात अडखळल्याविना वरच्या पडद्यांपर्यंत पोचावा. तिचा आकार रेखण्यात फ्रेडी टावारेस याचा वाटा होता, आणि हा टावारेस हवाई बेटांतला, मांडीवरची गिटार वाजविणारा. याहून महत्त्वाची होती घोडी. टेलिकास्टरच्या घोडीवर दोन दोन तारांना मिळून एक आधार होता. येथे सहा तारांना सहा स्वतंत्र आधार आले. प्रत्येक तार आपापल्या स्क्रूने खालीवर आणि मागेपुढे करता येऊ लागली. पूर्वी घोडी घासावयास कारागीर लागे. आता हातात बारीक पाना असलेला कोणीही वादक आपली गिटार आपल्या हाताजोगी करू शके.

गिब्सनचा मार्ग जरा निराळा. त्यांची लेस पॉल ही भरीव गिटार १९५२ साली निघाली, आणि तिच्या पहिल्या घडणीत एक ढोबळ दोष राहिला. दांडीचा कोन इतका उथळ होता की तारा घोडीच्या वरून नेण्याऐवजी खालून घ्याव्या लागल्या. त्यामुळे तळहाताची कड तारांवर टेकवून त्यांचा नाद आवरणे जवळजवळ अशक्य झाले. वर्षभरातच दांडीचा कोन वाढवून हा दोष काढला. कंपनीच्या टेड मॅकार्टी याने तयार केलेली, प्रत्येक तारेची लांबी वेगळी जुळविता येणारी घोडी १९५४ पासून वापरात आली. त्याच साली निघालेल्या काळ्या रंगाच्या उंची गिटारवर पडदे इतके बसके व सपाट होते की तिला ‘पडदे नसलेले आश्चर्य’ असे टोपणनाव पडले. बोट तिच्यावरून घसरत जाई. पण तार बाजूला ओढून स्वर चढवावयाचा असला की तेच बसके पडदे आड येत, कारण बोटाला तारेखाली पकड मिळत नसे. एका सुखाची किंमत दुसऱ्या सुखाने द्यावी लागते, हे गिटारच्या बाबतीत जागोजाग दिसते.

या दोन घराण्यांतील भेद गिटार निवडणाऱ्याने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. फेंडरची तार नटापासून घोडीपर्यंत ६४८ मिलिमीटर, गिब्सनची सुमारे ६२८. तीच तार त्याच सुरात लावली तर आखूड गिटारवर तिचा ताण सहा टक्क्यांच्या आसपास कमी भरतो. बोटांना तो फरक लगेच जाणवतो. पडदेही जवळजवळ येतात, आणि लहान पंजाला ते सोयीचे पडतात. दुसरा भेद दांडीच्या माथ्याच्या गोलाईचा. जुन्या फेंडरच्या माथ्याची गोलाई १८४ मिलिमीटर त्रिज्येची, म्हणजे चांगलीच उठावदार. गिब्सनची ३०५ मिलिमीटरची, अधिक सपाट. गोल माथ्यावर तालाचे स्वरसमूह धरणे हाताला सुखाचे जाते. पण तारा फार खाली आणल्या आणि एखादी तार ओढली, तर ती पुढच्या पडद्यावर अडून मुकी होते. जलद एकेरी स्वर वाजविणारे सपाट माथा पसंत करतात ते यासाठी.

घोडी सुधारली, दांडी सुधारली, तारा मात्र जाडच राहिल्या होत्या. गिटारच्या तारांची जाडी इंचाच्या हजारांशांत मोजतात. त्या काळच्या संचात तिसरी तारही वेढे दिलेली आणि एकोणतीसच्या आसपास जाडीची असे. ती ओढता ओढता शिकणाऱ्या पोरांच्या बोटांची सालटी निघत. जेम्स बर्टनसारखे हुशार वादक बँजोच्या बारीक तारा आणून वरच्या जागी लावीत. कॅलिफोर्नियातच टारझाना येथे एर्नी बॉल याचे गिटारचे दुकान होते. गिऱ्हाइकांचे हाल पाहून त्याने फेंडर कंपनीला बारीक तारांचा संच काढण्याची सूचना केली. ती मान्य झाली नाही, तेव्हा त्याने १९६२ साली दहापासून शेहेचाळीसपर्यंतचा आपला स्वतःचा संच काढला. एवढ्याशा बदलाने गिटारचे वादन पालटले. तार ओढून स्वर चढविणे ही पूर्वी शक्तीची गोष्ट होती. आता मनगटाच्या हलक्या वळणात ती साधू लागली.

बारीक तार ही केवळ चैन नव्हे, याचा दाखला इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात मिळतो. १९६५ साली टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा मुलगा तेथे पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरी सोडून वाद्यवृंदाबरोबर परदेशी जावयाचे ठरले होते आणि कारखान्यातला तो त्याचा शेवटचा दिवस होता. त्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्यामुळे पडदे दाबणारा हात नेमका तोच. गिटार आता विसरावी, असेच त्याला सांगण्यात आले. कारखान्यातील वरिष्ठाने मात्र त्याला एक ध्वनिमुद्रिका आणून ऐकविली. ती होती जँगो राइनहार्ट याची. १९२८ मध्ये राहत्या गाडीला लागलेल्या आगीत जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटे कायमची अधू झाली होती, आणि उरलेल्या दोन बोटांनी तो युरोपातील अग्रगण्य जाझ गिटारवादक झाला होता. जँगो दोन बोटांवर निभावून गेला, तर आयोमीने तुटलेली बोटेच कामाला लावली. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांसाठी टोपणे घडविली आणि त्यांवर चामडे चिकटविले, म्हणजे तार घसरू नये. टोपणाखाली तारेचा स्पर्श कळत नाही. दाब किती द्यावा याचा अंदाज येत नाही. ओढलेली जाड तार दुखऱ्या बोटाला असह्य होते. तेव्हा त्यानेही बँजोच्या तारा आणल्या, तारा होतील तितक्या खाली आणल्या, आणि पुढे १९७१ च्या सुमारास संपूर्ण वाद्याचा सूरच तीन अर्धस्वरांनी उतरविला, म्हणजे ताण आणखी कमी व्हावा. त्या उतरविलेल्या सुरातून जो काळोखा, जड नाद निघाला, तो ब्लॅक सॅबथ या त्याच्या वाद्यवृंदाची ओळख बनला आणि पाश्चात्त्य संगीतातील एका सबंध पंथाचा पाया ठरला. जखमी हातासाठी केलेली तडजोड पुढे हजारो धडधाकट हातांनी हौसेने उचलली.

१९७८ मध्ये एडी व्हॅन हेलन याने फेंडरच्या आकाराच्या अंगावर गिब्सनचा पिकअप बसवून स्वतः जुळविलेल्या गिटारवर जो वेग दाखविला, त्याने कारखानदारांचे डोळे उघडले. १९८७ साली आयबानेझ या जपानी कंपनीने स्टीव्ह वाय या वादकाच्या सल्ल्याने चोवीस पडद्यांची गिटार काढली. त्याच सुमारास तिने प्रचारात आणलेली दांडी पहिल्या पडद्यापाशी जेमतेम १७ मिलिमीटर जाडीची आणि माथ्याला बरीच सपाट होती. वेगाची दांडी म्हणजे पातळ दांडी, हे समीकरण तेव्हापासून रूढ झाले. ते सर्वांना लागू पडते असे मात्र नाही. पंजा मोठा असला तर पातळ दांडीवर अंगठ्याला टेकू मिळत नाही आणि तासाभरात तो ठणकू लागतो. स्टीव्ही रे व्हॉन हा टेक्ससचा वादक तर तेरापासून सुरू होणाऱ्या जाड तारा लावी आणि सूर अर्धा उतरवून वाजवी. त्याला कोणी मंद म्हणणार नाही.

वेगाच्या या शोधात एक वाट हिंदुस्थानाकडेही वळली. वीणेचे पडदे मेणाच्या उंच कण्यांवर बसविलेले असतात. बोट लाकडाला न टेकता तार खोल दाबता व ओढता येते, आणि गमक उमटते. जॉन मॅकलॉफलिन याने वीणेचा अभ्यास केला होता. १९७० च्या दशकाच्या मध्यास झाकीर हुसेन, एल. शंकर व विनायकराम यांच्यासह त्याने ‘शक्ती’ हा वृंद उभारला, तेव्हा त्याच्यासाठी घडविलेल्या साध्या गिटारच्या पडद्यांमधले लाकूड खोलगट कोरलेले होते. अशी कोरीव दांडी पुढे विजेच्या गिटारवर द्रुत वाजविणाऱ्यांतही दिसू लागली. उलट दिशेने गेला तो आंध्रातील यू. श्रीनिवास. त्याने जोडतारांचे पाश्चात्त्य मँडोलिन सोडून पाच एकेरी तारांचे विजेचे मँडोलिन घेतले आणि त्यावर कर्नाटक संगीत वाजविले. दोन जोडतारा एकदम ओढून गमक नेमके साधणे कठीण. एकेरी तार मात्र बोटाच्या इशाऱ्यावर चालते.

दुकानात गिटार घेताना तिचा रंग आणि नाव यांच्या आधी दांडी मुठीत धरून पाहावी. बसून तसेच पट्टा लावून उभे राहून वाजवावे, आणि प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर एकदा तरी दाबावी. एखाद्याच पडद्यावर खरखर असेल तर तो पडदा उठलेला आहे, आणि ते काम कारागिराचे. बाकीचे जुळविण्याचे काम क्रमाने करावे. प्रथम नव्या तारा लावून सूर मिळवावा. मग सळईने दांडीचा बाक. मग घोडीची उंची. मध्यम गोलाईच्या गिटारवर सतराव्या पडद्यापाशी दीड मिलिमीटरच्या किंचित वर, हे फेंडर कंपनीचे माप सुरुवातीला पुरेसे आहे. तार दुसऱ्या व तिसऱ्या पडद्यांच्या मध्ये दाबली असता पहिल्या पडद्यावर केसाएवढी फट दिसावी; ती मोठी असेल तर नटाच्या खाचा उथळ आहेत, आणि अशी गिटार खालच्या पडद्यांवर कधीच हलकी वाजणार नाही. त्या खाचा घरी कानशीने खोल करू नयेत. एकदा जास्त घासली गेली की पट्टीच बदलावी लागते. नंतर बाराव्या पडद्यावर दाबलेला स्वर तेथल्याच अलगद स्पर्शाच्या स्वराशी ताडून पाहावा. दाबलेला चढा असेल तर आधार मागे सरकवावा. शेवटी पिकअपची उंची. तो तारेच्या फार जवळ आला तर त्याचे चुंबक तारेलाच ओढते आणि स्वर डळमळतो.

हे सर्व एकदा करून भागत नाही, विशेषतः गोव्यात व कोकणपट्टीत. मिरगाच्या सरी आल्या की हवेतला ओलावा लाकडात शिरतो आणि मे महिन्यात अचूक बसविलेली दांडी जुलैत जागा सोडते. अशा वेळी घोडीला हात लावण्यापूर्वी आठव्या पडद्यापाशी फट पाहावी, लागेल तसा सळईला थोडा पीळ द्यावा, सूर पुन्हा मिळवावा आणि गिटार एक रात्र तशीच ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे.